मला काय येतं, त्यांना काय हवंय: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

नोकरी शोधणं हेही एक कामच आहे असं धरून आजपासून त्याची वही ठेवतेय. अकरा वर्षं स्टोअर आणि साठा नियोजनात गेली. एप्रिलपासून आमच्या विभागाचं काम दुसऱ्या युनिटकडे जाणार, हे आम्हा सगळ्यांना सांगून झालंय. म्हणजे हातात बारा आठवडे. नोव्हेंबरपासून सोळा अर्ज पाठवले, सगळीकडे एकच बायोडाटा. बोलावणं एकाच ठिकाणाहून आलं, ती मुलाखत १३ तारखेला आहे.

प्रकल्पाचं काम असं ठरवलं: कंपनीला या वर्षी कशाची काळजी आहे ते अर्जाआधी शोधायचं आणि त्या काळजीला माझं कुठलं काम उपयोगी पडेल ते एका पानावर मांडायचं. प्रत्येक कंपनीसाठी वेगळं पान. ज्या कंपनीचं पान लिहिता येणार नाही, तिथे अर्ज करायचा नाही.

८ जानेवारी

मला येत असलेल्या कामांची यादी केली. जीआरएनपासून (आलेला माल मिळाल्याची नोंद) वार्षिक साठा मोजणीपर्यंत ३७ ओळी झाल्या.

यादी समोर आली की ती ए, बी, सी अशी लावायची, ही सवयच झालीये. १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या एच. फोर्ड डिकी यांनी या पद्धतीवर लिहिलं. मोजक्याच वस्तूंमध्ये बहुतेक पैसा असतो, म्हणून लक्षही तिकडेच जास्त द्यायचं. मी माझी कामं 'किती चांगलं येतं' यावर लावली. ईआरपीतले (कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या संगणक प्रणालीतले) अहवाल, सायकल काउंट (थोड्या-थोड्या मालाची ठरावीक दिवसांनी मोजणी), रीऑर्डर लेव्हल (साठा कितीवर आला की नवी ऑर्डर द्यायची ती पातळी) ठरवणं ही वर आली. व्हेंडरकडचा पाठपुरावा तळाला गेला, कारण ते काम सगळेच करतात असं मला वाटत आलंय.

रात्री यादी परत बघितली तेव्हा चूक कळली. वस्तू ए वर्गात जाते ती तिच्या खपामुळे आणि किमतीमुळे, ती आपल्याला किती नीट रचता येते यामुळे नाही. खप कुठे आहे हेच मला ठाऊक नसेल, तर ही वर्गवारी माझ्यापुरतीच राहते. यादी तशीच ठेवलीये. समोरच्या कंपनीचं कळल्यावर पुन्हा लावीन.

१३ जानेवारी

मुलाखत झाली. नीट गेली नाही. काय झालं ते सविस्तर लिहून ठेवते.

कंपनी रुग्णालयांतल्या तपासणी यंत्रांची देखभाल करते. पद सुट्या भागांच्या साठ्याचं. समोर सेवा विभागाच्या प्रमुख बसल्या होत्या. मी माझं सगळ्यात मोठं काम आधी सांगितलं: दोन वर्षांत साठा ७४ दिवस पुरेल इतका होता तो ५३ दिवसांवर आणला, म्हणजे सुमारे २८ टक्के कमी. हे वाक्य मी प्रत्येक अर्जात पहिलं लिहिलेलं आहे.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साठा कमी होत होता त्या काळात मागितलेला भाग स्टोअरमध्ये नाही, असं किती वेळा झालं?"

माझ्याकडे आकडा नव्हता. "फारसं नाही," असं म्हणाले.

"आमच्याकडे भाग नसला की यंत्र बंद पडतं आणि रुग्णाची तपासणी पुढे जाते. मला साठा कमी करणारं माणूस नकोय. भाग हातात ठेवणारं हवंय." बोलण्यात राग नव्हता, त्या खरोखर समजावून सांगत होत्या. पंचवीस मिनिटांत मी बाहेर आले.

ज्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे, तेच ऐकून त्यांना धास्ती वाटली. इतकी वर्षं मी धरून चालले होते की चांगलं काम कुठेही चांगलंच दिसतं.

१४ जानेवारी

काल झोप नीट लागली नाही. सकाळी सेफ्टी स्टॉकचं, म्हणजे माल कमी पडू नये म्हणून ठेवायच्या जादा साठ्याचं, गणित कागदावर घेतलं. हे सूत्र शेकडो वेळा वापरलंय, पण त्यात कंपनीची निवड कुठे दडलेली असते हे कधी बघितलं नव्हतं.

आठवड्याच्या मागणीतला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, २० नग. माल यायला ४ आठवडे. चारचं वर्गमूळ २. ऑर्डरच्या एका फेरीत माल कमी न पडण्याची खात्री ९५ टक्के हवी असेल तर गुणक १.६५, म्हणजे १.६५ × २० × २ = ६६ नग. खात्री ९९ टक्के हवी असेल तर गुणक २.३३, म्हणजे ९३ नग. शेवटच्या चार टक्क्यांसाठी साठा ४१ टक्के जास्त.

मागणी आणि मुदत बाजार आणि व्हेंडर ठरवतात. गुणक मात्र कंपनी ठरवते. ज्या कंपनीला रोकड मोकळी करायचीय ती ६६ कडे बघते, जिला यंत्र बंद पडणं परवडत नाही ती ९३ कडे. सूत्र मला येतं, दोन्हीकडे तेच वापरीन. पण कुठल्या बाजूने वापरणार, ते आधी त्यांच्याकडून समजून घ्यायला हवं. काल मी ६६ नगांचं उत्तर घेऊन ९३ नगांच्या दारात उभी होते.

१९ जानेवारी

लेखा विभागातून निवृत्त झालेल्या आमच्या सरांकडे गेले. ताळेबंदाची भीती त्यांनीच घालवली होती. सगळं ऐकून म्हणाले, "अगं, कंपनीला काय हवंय ते ती छापून देते. तुम्ही लोक फोटो बघता आणि अध्यक्षांचं भाषण वाचता. मागची पानं उघड."

दोन वार्षिक अहवाल घेऊन तीन तास बसलो. जे लक्षात राहिलं ते असं.

आधी विभागवार माहितीचा तक्ता. आयएफआरएस ८ हे आंतरराष्ट्रीय लेखा मानक १ जानेवारी २००९ पासून लागू झालं. त्यानुसार व्यवसायाचे विभाग पाडताना वरिष्ठ व्यवस्थापन स्वतः निर्णय घेण्यासाठी जे विभाग बघतं, तेच दाखवावे लागतात. म्हणजे हा तक्ता साहेबांच्या टेबलावरचा आहे. एका कंपनीने विभाग उत्पादनानुसार पाडले होते, दुसरीने प्रदेशानुसार. सर म्हणाले, "दुसरीकडे तू उत्पादनाच्या भाषेत बोललीस तर त्यांना ते मनात भाषांतर करून घ्यावं लागेल. तेवढे कष्ट कोणी घेत नाही."

मग रोख प्रवाह पत्रक. कामकाजातून आलेल्या रोकडीच्या भागात साठ्यातल्या बदलाची ओळ असते. ती दोन-तीन वर्षं सलग उणे असेल तर पैसा मालात जाऊन बसतोय. ती विक्रीच्या वाढीशेजारी ठेवून बघायची. विक्री दहा टक्क्यांनी वाढली आणि साठाही तितकाच वाढला, तर ती वाढ समजण्यासारखी आहे. विक्री जागच्या जागी आणि साठा फुगतोय, तर तिथे माझं काम आहे.

तिसरं, माल साठ्यात पडून राहण्याचे दिवस अधिक ग्राहकांकडून पैसे येण्याचे दिवस वजा व्हेंडरना पैसे देण्याचे दिवस. माल घेण्यासाठी घातलेली रोकड परत हातात यायला लागणारे हे दिवस. मी आयुष्यभर पहिल्याच आकड्यावर काम केलं. सरांनी दुसऱ्या अहवालावर बोट ठेवलं: साठा ठीक होता, येणी वाढत चालली होती. "इथे तू कितीही साठा कमी कर, त्यांचं दुखणं वसुलीत आहे." ती कंपनी माझ्या कंपन्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होती. खोडली.

निघताना त्यांनी वही मागून घेतली, ३७ ओळी वाचल्या आणि विचारलं, "यातली कुठली ओळ वाचून मालक चेक काढेल?" मी गप्प बसले. त्यांनीही उत्तर दिलं नाही.

२३ जानेवारी

ज्या कंपन्यांचे अहवाल बाहेर मिळत नाहीत त्यांचं काय, यावर दोन दिवस गेले. यादीतल्या बहुतेक अशाच आहेत. मग जाहिरातीच नीट वाचायला घेतल्या.

सगळ्यात जास्त कळतं ते पद कोणाच्या हाताखाली आहे यावरून. साठा नियोजक वित्तप्रमुखाच्या हाताखाली असेल तर विषय अडकलेल्या पैशाचा. उत्पादन प्रमुखाच्या हाताखाली असेल तर लाइन थांबू नये याचा. विक्री किंवा सेवेच्या हाताखाली असेल तर ग्राहकाला दिलेल्या शब्दाचा. पदाचं नाव तिन्ही ठिकाणी एकच. १३ तारखेच्या जाहिरातीत 'सेवा प्रमुखांना अहवाल देणे' असं स्वच्छ लिहिलं होतं. मी ते वाचून पुढे गेले होते.

दुसरी खूण, कुठल्या गोष्टी दोनदा लिहिल्यात. एका जाहिरातीत 'आयात' हा शब्द चार वेळा आहे. तिसरी, तेच पद सहा महिन्यांत परत निघालंय का. निघालं असेल तर आधीचा माणूस का टिकला नाही, हे विचारायला हवं.

२८ जानेवारी

तक्ता तयार झाला. डावीकडे कंपनीची काळजी, मध्ये माझं काम, उजवीकडे पुरावा. काळज्यांसाठी आधी कॅप्लन आणि नॉर्टन यांच्या १९९२ च्या समतोल गुणपत्रिकेतले (बॅलन्स्ड स्कोअरकार्ड, कंपनीची कामगिरी मोजायची चौकट) चार दृष्टिकोन घेतले: वित्त, ग्राहक, अंतर्गत प्रक्रिया, नवनिर्मिती आणि शिकणं. कंपनीच्या वरच्या मजल्यासाठी ते उत्तम आहेत, पण माझ्या कामाला फार रुंद. सगळंच अंतर्गत प्रक्रियेत जाऊन पडलं. शेवटी माझ्याच चार ओळी केल्या: अडकलेला पैसा, वेळेवर पुरवठा, खर्च, जोखीम.

डोळ्यात भरला तो उजवा रकाना. 'अडकलेला पैसा' समोर पुरावे भरपूर आणि 'वेळेवर पुरवठा' समोर एकही आकडा नाही. काम तर केलंय, मोजलं नाही. आमच्या कंपनीत ते कोणी विचारलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही.

आणखी एक. पाच जाहिरातींत मागणीचा अंदाज बांधण्याचं सॉफ्टवेअर मागितलंय. मला ते येत नाही. 'ओळख आहे' असं लिहायचा मोह झाला. लिहिलं नाही. त्या पाचपैकी तिघांची मुख्य काळजी तीच आहे, तिथे अर्ज करणार नाही. बाकी दोघांसाठी 'हे येत नाही, अंदाज आत्तापर्यंत कशावर बांधत आले ते दाखवू शकते' असं लिहीन.

३ फेब्रुवारी

पुरावा शोधायला जुन्या नोंदी उघडल्या. आधी साहेबांना विचारलं. त्यांनी सांगितलं, "टक्के आणि दिवस वापर. व्हेंडरची नावं आणि रकमा बाहेर जाऊ देऊ नकोस." ते बरोबरच आहे. नव्या ठिकाणीही माझ्यावर हाच विश्वास टाकायचा असेल.

चार दिवस संध्याकाळी स्टॉक आउटच्या, म्हणजे मागितलेला माल नसण्याच्या, नोंदी मोजत बसले. निघालं ते असं: साठा कमी करायला सुरुवात केल्यावर पहिल्या तीन महिन्यांत माल नसण्याचे प्रसंग वाढले होते. महिन्याला ६ होते ते ९ झाले. म्हणजे १३ तारखेला मी जे 'फारसं नाही' म्हणाले होते ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं एवढंच. पुढे ते उतरत गेले आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी महिन्याला २ वर आले. साठा कमी, तरी टंचाईही कमी. हे कसं झालं?

उत्तर यादीच्या तळाशी होतं. पहिल्या तिमाहीतल्या गोंधळानंतर मी दर गुरुवारी अकरा व्हेंडरना फोन करायला लागले होते. माल तयार आहे का, गाडी कधी निघेल, उशीर होणार असेल तर आजच सांगा. चौघांशी बोलून मोठी ऑर्डर तोडून दर पंधरा दिवसांची केली. हे फोन मी कामात धरतच नव्हते.

४ फेब्रुवारी

परत गणित. माल यायची मुदत ४ आठवड्यांवरून २ वर आली तर दोनचं वर्गमूळ १.४१, आणि ९९ टक्के खात्रीसाठी २.३३ × २० × १.४१ = ६६ नग. हे उत्तर बघून मी उठून उभी राहिले. ९५ टक्के खात्री आणि चार आठवडे यांना जेवढा साठा लागत होता, तेवढ्यातच ९९ टक्के खात्री मिळते. पैसा की पुरवठा, असा वाद घालणाऱ्या दोन्ही कंपन्यांना मुदत कमी करणारं माणूस चालेल.

मुदतीतला अनिश्चितपणा तर याहून महाग पडतो. आठवड्याला सरासरी १०० नग लागत असतील आणि चार आठवड्यांची मुदत अर्ध्या आठवड्याच्या प्रमाण विचलनाने मागेपुढे होत असेल, तर ९३ नगांचे १४९ होतात. व्हेंडरने दिलेली तारीख पाळली, एवढ्यानेच हे ५६ नग वाचतात. माझे गुरुवारचे फोन म्हणजे हे ५६ नग.

वर्गवारी पुन्हा लावली. व्हेंडरचा पाठपुरावा ए मध्ये, पहिल्या क्रमांकावर. ईआरपीतले अहवाल बी मध्ये.

९ फेब्रुवारी

'आयात' शब्द चार वेळा लिहिणाऱ्या कंपनीसाठी पान लिहिलं. तीही सुटे भाग पुरवते, छपाई यंत्रांचे. पद सेवा विभागाखाली. २८ टक्क्यांचं वाक्य तिसऱ्या परिच्छेदात गेलं. पहिलं वाक्य आता असं आहे: 'माल नसण्याचे प्रसंग महिन्याला ६ वरून २ वर आले. सुरुवातीच्या तीन महिन्यांत ते ९ पर्यंत वाढले होते. ते का वाढले आणि कसे उतरवले, हे सांगू शकते.'

वाईट आकडा स्वतःहून द्यावा का, यावर बराच विचार केला. शेवटी ठेवला. ज्यांना टंचाईची भीती आहे त्यांना टंचाई जवळून बघितलेलं माणूस हवं असतं, असं मला मनापासून वाटतं.

'जबाबदारी सांभाळली', 'समन्वय साधला', 'सक्रिय सहभाग' हे सगळं काढलं. पान अर्धं झालं.

१७ फेब्रुवारी

छपाई यंत्रांच्या कंपनीत मुलाखत. सेवा प्रमुख आणि खरेदीतले एक गृहस्थ होते. पहिल्या पाच मिनिटांत मीच विचारलं, "हे पद याच वर्षी का भरताय?" ते थोडे थांबले. मग कळलं की त्यांनी ग्राहकांना ४८ तासांत दुरुस्तीचा करार द्यायला सुरुवात केलीये आणि भाग परदेशातून येतात.

"आम्हाला ९९ टक्के उपलब्धता हवी," सेवा प्रमुख म्हणाले.

"साहेब, ९९ टक्के म्हणजे ऑर्डरच्या शंभर फेऱ्यांपैकी ९९ मध्ये माल कमी पडू नये, की मागितलेल्या शंभर नगांपैकी ९९ लगेच मिळावेत?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. खरेदीवाले पहिलं धरून चालले होते, सेवा प्रमुख दुसरं. हे दोन आकडे एकच नाहीत आणि दोन्हींना लागणारा साठाही वेगळा असतो. पुढचा पाऊण तास आम्ही तिघं कागदावर तेच मांडत होतो. माझ्या बायोडाट्याचा विषय निघालाच नाही.

शेवटी खरेदीवाल्यांनी विचारलं, "परदेशातल्या व्हेंडरला तुम्ही दर गुरुवारी फोन करून काय फरक पडणार? बोट काही लवकर येणार नाही." खरा प्रश्न होता. मी म्हणाले की समुद्रातले दिवस मी कमी करू शकत नाही, पण ऑर्डर मंजूर व्हायला तुमच्याकडे किती दिवस लागतात आणि तिकडे माल तयार झाल्यावर गाडीत चढेपर्यंत किती, हे मला बघायला आवडेल. मुदतीतले ते दिवस आपल्या हातातले असतात. त्यांनी ते लिहून घेतलं.

१९ फेब्रुवारी

दुसऱ्या एका कंपनीने बोलावलं होतं. फोनवरच कळलं की त्यांना या वर्षी जुन्या ईआरपीतून नव्यात जायचंय आणि हे पद मुख्यतः त्यासाठी आहे. पगार बरा. ते काम मी कधी केलेलं नाही. तसं सांगितलं आणि नाही म्हणाले.

२६ फेब्रुवारी

छपाईवाल्यांकडून दुसऱ्या फेरीसाठी वीस भागांची यादी आली, नावांऐवजी क्रमांक घातलेली. कुठले भाग कायम ठेवावेत आणि का, एवढाच प्रश्न. त्यात तीन भाग वर्षाला एखादाच लागणारे होते. माझ्या जुन्या नजरेला ते डेड स्टॉक, म्हणजे न खपणारा माल, दिसले असते. पण ते नसले तर यंत्र पूर्ण थांबतं. त्या तिन्हींसाठी एक-एक नग ठेवावा असं लिहिलं आणि समोर कारण दिलं: ४८ तासांचा करार.

५ मार्च

छपाईवाल्यांचं नेमणुकीचं पत्र आलं. पदाच्या वर्णनात एक ओळ नवी आहे, जाहिरातीत ती नव्हती: 'ऑर्डर मंजुरी ते माल रवाना होण्याचा काळ मोजणे आणि कमी करणे.' सरांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "हीच ती ओळ." मला जानेवारीतला चेकचा प्रश्न आठवला.

१३ जानेवारीच्या सेवा प्रमुखांनाही लिहिलं: तुम्ही विचारलेला आकडा मी नंतर काढला. तो ६ वरून ९ वर गेला होता, मग २ वर आला. तुमच्या प्रश्नामुळे मोजला. तासाभरात त्यांचं उत्तर आलं: 'कळवलंत, बरं वाटलं.'

६ एप्रिल

नव्या नोकरीतला पहिला सोमवार, आठवड्याची बैठक. मी उपलब्धतेचे आकडे घेऊन गेले होते. सेवा प्रमुखांनी सगळ्यांना पहिला प्रश्न वेगळाच विचारला: मागच्या आठवड्यात किती ठिकाणी आपल्या माणसाला दुसऱ्यांदा जावं लागलं? उत्तर आलं सात. त्यातल्या चार ठिकाणी भाग स्टोअरमध्ये होता, पण जाताना चुकीचा नेला गेला होता.

हे माझ्या तक्त्यात नाही. पाचवी ओळ जोडली: 'दुसरी फेरी'. त्यासमोर मधला आणि उजवा, दोन्ही रकाने रिकामे आहेत. भागाचे क्रमांक आणि डब्यावरच्या चिठ्ठ्या तपासायला उद्या दहा वाजता स्टोअरमध्ये दोन तंत्रज्ञांबरोबर बसायचं ठरलंय.